पहिली 'ब'च्या टीचरना, माझ्याकडून आणि आईकडून

प्रिय टीचर,

सप्रेम नमस्कार. आईचा नमस्कार वेगळा लिहायचा आहे, तशी तिची ताकीद आहे. तर हा आईचाही नमस्कार.

तुम्ही फेसबुकवर नाही, हे तुमच्या भाचीकडून कळलं. ती हे पत्र तुम्हाला वाचून दाखवणार आहे. खरं तर मी घरी येऊन आभार मानायला हवेत, आणि येणारच आहे. तरी हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते यंदा ठाण्यात पहिलीत मुलगी घातलेल्या आयांच्या कानावर जावं असं मला फार वाटतं.

आम्ही किसननगरला राहायचो. बाबा वागळे इस्टेटमध्ये कारखान्यात फिटर, आई सातवी पास, साताऱ्याकडची. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, आमची शाळा उरकल्यावर. पाचवीपर्यंत थांबायला बाबा तयार नव्हते. मुलगी कॉन्व्हेंटमध्येच जाईल, हा त्यांचा हट्ट. हट्ट त्यांचा असला तरी अभ्यास घ्यायचा होता आईला, आणि तिला एबीसीडीच्या पुढे काही येत नव्हतं.

शाळेचं कॅलेंडर तुम्हाला आठवत असेलच. पुढच्या पानांवर प्रार्थना आणि नियम, मागच्या पानांवर रिमार्क. आई ते पुस्तक हातात धरून बसायची. त्यातच शेजारच्या कुणीतरी तिला सांगितलं की कॉन्व्हेंटच्या मुलीशी घरात इंग्रजीच बोलायचं, नाहीतर ती मागे पडते. मग आईचं 'कम', 'सिट', 'ईट', 'स्लीप' सुरू झालं. चार शब्द संपले की ती गप्प. रात्रीच्या गोष्टी बंद झाल्या, कारण कोल्ह्याला इंग्रजीत द्राक्षं कशी खायला घालायची हे तिला माहीत नव्हतं.

ओपन डेला तुम्ही तिला माझे मार्क सांगायच्या आधी विचारलंत, "घरी गोष्ट कोण सांगतं?" तेही मराठीत. आईला कोण धक्का! कॉन्व्हेंटच्या टीचर म्हणजे गोव्याच्या किंवा मंगळूरच्या, आपलं बोलणं त्यांना कळायचं नाही, अशी तिची समजूत. तुम्ही इथल्याच, ठाण्यातल्या जुन्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती घरातल्या. तुमच्याकडे लग्नातली गाणीसुद्धा मराठीत म्हणतात, हे तिला त्या दिवशी कळलं. तुमचं पुढचं वाक्य ती अजून जसंच्या तसं म्हणून दाखवते, "तुम्ही मराठीतच बोला, गोष्टी सांगा, पाढे म्हणून घ्या. इंग्रजीचं मी बघते."

त्या काळी मराठी बोलल्याबद्दल दंड घेणाऱ्या इंग्रजी शाळा होत्या. अशा दिवसांत पहिलीच्या वर्गशिक्षिकेने हे सांगणं म्हणजे काय, हे मला आता कळतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हटलं, तेव्हा टीव्हीवर केवढ्या चर्चा झाल्या. शाळेचं माध्यम काही तुम्ही बदलू शकत नव्हतात. तुमच्या हातात होतं तेवढं तुम्ही केलंत, घर मराठीत राहू दिलंत.

आता आकड्यांची गोष्ट, कारण माझ्यासाठी ती सगळ्यात मोठी. मी त्रेपन्नच्या जागी ३५ लिहायची. एकसष्टचे १६. पेपरभर लाल गोल. घरी मला ढ ठरवून झालं होतं. तुम्ही मला टेबलाजवळ बोलावलंत आणि मोठ्याने मोजायला लावलंत. मी मोजत होते मराठीत, वर्गात आकडे शिकवले जात होते इंग्रजीत. त्रेपन्न म्हणताना आधी तीन ऐकू येतो, मग पन्नास. मी ऐकू येईल त्या क्रमाने लिहीत होते. फिफ्टी-थ्रीमध्ये मात्र पन्नास आधी. तुम्ही झाडूच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्यात, काही काड्या सुट्या ठेवल्यात. म्हणालात, "मनात कुठल्याही भाषेत मोज. लिहिताना आधी जुड्या, मग सुट्या." वर हेही दाखवलंत की थर्टीन ते नाइन्टीन इंग्रजीही आपल्यासारखंच उलटं बोलतं, त्यामुळे लाजायचं काही कारण नाही.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसच्या 'वीस एक' अशा वाचनावरून रान पेटलं होतं ना, तेव्हा मला तुमची फार आठवण झाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर मुलांची अडचण शांतपणे समजावत होत्या आणि लोक भाषा बुडाली म्हणून टिंगल करत होते. नव्या वाचनाबद्दल माझं स्वतःचं मत पक्कं नाही. मला त्रेपन्न आवडतं. पण अडचण खोटी होती असं जे म्हणत होते, त्यांना माझा पहिलीचा पेपर दाखवायला हवा होता.

पाढ्यांचंही तेच. वर्गात 'टू वन्स आर टू' चालायचं आणि माझ्या तोंडात आईचं 'बे एके बे, बे दुणे चार' बसलेलं. उत्तर बरोबर असेल तर तुम्ही ओठांकडे बघतच नव्हतात. आजही बिल तपासताना मी मराठीतच पाढा म्हणते.

आणि शनिवार! शाळा अर्धा दिवस असायची. मुली मैदानात खेळायच्या आणि आमच्या बाकांवर आमच्या आया गुडघे आवळून बसायच्या. वर्गाची किल्ली हेडमिस्ट्रेस सिस्टरांनी तुमच्याकडे दिली होती, त्यांचेही आभार इथेच मानते. कुणी पोळ्या लाटायला जाणारी, कुणी शिवणकाम करणारी, कुणाचं जांभळी नाक्यावर भाजीचं दुकान. त्यांना तुम्ही इंग्रजी शिकवलं नाहीत. इंग्रजी न येता अभ्यास कसा घ्यायचा, ते शिकवलंत. चाररेघी वहीत अक्षर कुठल्या रेघेला टेकतं आणि कुठल्या रेघेच्या खाली उतरतं, हे बघायला वाचता यावं लागत नाही. स्पेलिंग मुलीने न बघता लिहायचं, मग आईने पुस्तकातल्या शब्दाशी एकेक अक्षर जुळवून बघायचं. जुळलं नाही तर नुसतं बोट ठेवायचं, चूक मुलीने शोधायची. कॅलेंडरमधले नेहमीचे रिमार्क तुम्ही फळ्यावर लिहून त्यांचे अर्थ सांगितलेत, म्हणजे सही कशावर करतोय ते कळावं. हे शेवटचं माझ्या दृष्टीने जरा गैरसोयीचंच झालं, कारण 'टॉक्स इन क्लास' म्हणजे शाबासकी, असं मी आईला पटवून ठेवलं होतं.

शाळेबद्दल एरवी सांगण्यासारखं खूप आहे. ग्रोटोसमोरची, म्हणजे मदर मेरीच्या गुहेसमोरची, सकाळची रांग, आठ सप्टेंबरला मदर मेरीचा वाढदिवस, ख्रिस्ती मुली कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाला, गेल्या की आम्हा बाकीच्यांचा मॉरल सायन्सचा तास. मुलींचीच शाळा, त्यामुळे बाकं उचलणं, घंटा देणं, स्टेजचे पडदे ओढणं सगळं आमच्याकडेच. कॉलेजात गेल्यावर जड सामान उचलायला एखाद्या मुलाला हाक मारतात हे पाहून मी चकित झाले होते.

अल्पसंख्याकांच्या शाळांवर हल्ली बरंच बोललं जातं. घटनेच्या ३० व्या कलमाने त्यांना संस्था चालवायचा हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने त्या आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के राखीव जागांमधून वगळल्या गेल्या. मला स्वतःला ही सूट पूर्णपणे पटत नाही. पण आमच्या वर्गात तेव्हा असला कुठलाही कायदा नसताना डॉक्टरांची मुलगी आणि भाजीवालीची मुलगी एका बाकावर होत्या, आणि दर सोमवारी तुम्ही जोड्या बदलायचात म्हणून कुणाचा गट झाला नाही. हे मी वाद घालताना दोन्ही बाजूंना सांगते.

तुम्हाला बहुधा माहीत नसलेली एक गोष्ट. मी चौथीत गेले तोवर आईने आमच्या चाळीतल्या पोरांचा अभ्यास घ्यायला सुरुवात केली होती. फी म्हणून आधी काही नाही, मग महिन्याला थोडे पैसे. पद्धत सगळी तुमची, बोट ठेवायची आणि गप्प बसायची. बाबांचा कारखाना बंद पडला त्या वर्षी घरातलं दूध आणि वीजबिल त्याच पैशांतून गेलं. ती स्वतःला टीचर म्हणवून घ्यायची नाही. पोरं तिला काकीच म्हणायची.

आता माझी मुलगी पहिलीत आहे, घोडबंदर रोडला. शाळा सुरू होताच पालकसभेत सांगण्यात आलं की घरात शक्यतो इंग्रजी बोला. मी हात वर केला आणि तुमचं वाक्य सांगितलं, इंग्रजीचं तुम्ही बघा म्हणून. सभेत थोडी कुजबुज झाली. बाहेर पडल्यावर तीन आया माझ्यामागून आल्या आणि स्पेलिंगचं ते कसं करायचं म्हणून विचारू लागल्या. मी त्यांना आईचा नंबर दिलाय.

टीचर, आईचे गुडघे दुखतात, पण यायचं तिने ठरवलंच आहे. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर तुम्ही घरी असता, असं भाची म्हणाली. तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे ना? नसेल तर तसं कळवा, आम्ही तुम्हालाच गाडीने आमच्याकडे घेऊन येऊ. जेवूनच जायचं. तुम्हाला तिच्या हातची पुरणपोळी आवडायची हे ती विसरलेली नाही, आणि तुमच्याकडचा बॉटल मसाला संपल्याचंही तिने मला मुद्दाम लिहायला सांगितलंय.

तुमची,
पहिली 'ब', खिडकीजवळचा तिसरा बाक