सूचना: भटक्या कुत्र्यांमुळे होणारे आजार आणि घ्यावयाची दक्षता

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आवारात भटक्या कुत्र्यांचा वावर वाढला असल्याने घरातील प्रत्येकाने, विशेषतः मुलांच्या पालकांनी, पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

सर्वांत गंभीर धोका रेबीजचा आहे. लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, मात्र वेळेवर लस घेतल्यास तो टाळता येतो. त्यामुळे कुत्रा चावल्यास, त्याने ओरखडल्यास किंवा उघड्या जखमेवर चाटल्यास ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी महानगरपालिकेच्या रुग्णालयात जावे. हळद, चुना किंवा मिरचीपूड जखमेवर लावू नये. असे काही लावण्याचा सल्ला देणारे कोणीतरी अजूनही भेटतेच. लशीच्या सर्व मात्रा ठरलेल्या दिवशी पूर्ण कराव्यात आणि रक्त आलेल्या जखमेसाठी डॉक्टरांनी इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्ध तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) सुचविल्यास तेही टाळू नये. ओरडा बसेल या भीतीने मुले ओरखडा लपवितात, म्हणून त्यांना आधीच विश्वासात घ्यावे.

लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंमुळे होणारा आजार मुख्यतः उंदरांमुळे पसरत असला, तरी बाधित कुत्र्यांच्या मूत्रातूनही त्याचे जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात. पायाला जखम असताना अशा पाण्यातून चालू नये. कुत्र्यांच्या विष्ठेतून मातीत येणाऱ्या अंकुशकृमी या आतड्यातील जंताच्या अळ्या त्वचेत शिरतात. मुलांना बागेत अनवाणी सोडू नये.

कुत्र्यांना दगड मारू नयेत. निर्बीजीकरण व लसीकरणासाठी समितीने महानगरपालिकेकडे लेखी अर्ज केला आहे. उरलेले अन्न जिन्याखाली ठेवण्याची पद्धत मात्र आजपासून बंद करावी.

सचिव, व्यवस्थापन समिती