गप्पी माशांची बरणी उचलणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

दारात तुम्ही नाव सांगितलं होतंत, पण तेव्हा माझ्या छातीत अशी धडधड चालली होती की ते कानात शिरलंच नाही. म्हणून नावाशिवायच लिहितेय. तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी, अडचणीतल्या मुलांसाठीचा मदतीचा नंबर १०९८ फिरवणारी, ती मी.

हा नंबर १९९६ साली आमच्या मुंबईतच सुरू झाला. मी शाळेत नोकरीला होते तेव्हा तो भिंतीवर रंगवून घेतला होता, त्यामुळे तोंडपाठ. तरी शेजारच्या मार खाणाऱ्या पोरासाठी तो लावायला मला चार महिने लागले. आभार मानण्याआधी एवढं कबूल करायला हवं.

त्या चार महिन्यांत मी सेक्रेटरींकडे गेले. ते म्हणाले, "बापाने पोराला दोन फटके दिले तर त्यात काय एवढं? सगळेच मारतात." दोन? भिंतीपलीकडून मी मोजायचे. हाताचा आवाज आणि पट्ट्याचा आवाज वेगळा येतो. 'सगळेच मारतात' हे मात्र फारसं खोटं नाही. २००७ साली केंद्र सरकारने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारलं होतं, त्यांत तिघांतल्या दोघांनी मार खाल्लेला होता. सेक्रेटरींना हे समर्थन वाटलं असतं.

मग त्याच्या शाळेत गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, वडील फार जागरूक आहेत, एकही मीटिंग चुकवत नाहीत. चौकीवर गेले तर पहिलाच प्रश्न, "आजी, तुमचा काय संबंध?" माझं नाव, माझा पत्ता, माझं वय लिहून घेतलं. मुलाचं नाव विचारायचं राहिलं ते राहिलंच. आणि जिथे जावं तिथे ते एक सर्टिफिकेट होतंच, "माणूस पीत नाही हो!" न पिणाऱ्याचा पट्टा लागत नाही बहुतेक.

फोनवर मात्र पहिला प्रश्न आला, "मुलाचं नाव काय?" मी नाव सांगितलं आणि रडायलाच लागले. इथे ते लिहीत नाही, कायदाही लिहू देत नाही.

तुम्ही आलात, सोबत साध्या कपड्यांतले एक पोलीस. त्यांचं आणि बापाचं जे काय बोलणं झालं ते झालं. माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही ते वेगळंच. पोरगा निघायला तयार होईना. कोपऱ्यात मोरीच्या कट्ट्याला धरून बसलेला, तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, आता हाताला धरून ओढणार. तुम्ही ओढणी खोचलीत, त्याच्याशेजारी ओल्या फरशीवर बसलात आणि कट्ट्यावरच्या बरणीकडे बघून विचारलंत, "हे काय खातात रे?"

लोणच्याची जुनी बरणी. आत पाच-सहा गप्पी मासे, डासांसाठी टाकीत सोडतात ते. बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "पाव. पण बारीक करून." तुम्ही म्हणालात, "मग पाव घेऊनच जाऊ." आणि बरणी स्वतः उचललीत. तीन मजले उतरेपर्यंत पाणी हिंदकळून तुमच्या कुडत्यावर सांडत होतं, एक हात बरणीखाली आणि दुसऱ्याचं एक बोट त्याच्या मुठीत. खाली कोपऱ्यावरच्या बेकरीतून तुम्ही खरंच पाव घेतलात. मी गॅलरीतून बघत होते.

हे एवढं मला का लागलं, ते सांगते. १९७९ साली आम्ही गिरणगावात चाळीत राहत होतो. शेवटच्या खोलीत एक मुलगी होती, सगळे बेबी म्हणायचे, सहा वर्षांची असेल. तिचं रडणं पूर्ण मजल्याला ऐकू यायचं. आम्ही रेडिओ मोठा करायचो. 'आम्ही' म्हणजे मीसुद्धा, तेव्हा सव्वीस वर्षांची, डी.एड. झालेली. एका सकाळी रडणं आलं नाही. पडली, असं सांगितलं गेलं, आणि चाळीने ते मान्य केलं. तेव्हा १०९८ नव्हता, हे खरं. पण दार होतं, आणि ते माझ्या दारापासून वीस पावलांवर होतं. त्या चाळीतली माणसं अजून लग्नाकार्यात भेटतात. गणपतीच्या, संपाच्या, नळावरच्या भांडणांच्या आठवणी निघतात. बेबीचं नाव कुणी काढत नाही.

तुमच्या कामात रोज असं काहीतरी असेल. त्या दिवशी तुम्ही जेवला होतात की नाही कुणास ठाऊक, मीही विचारलं नाही. साधी चांगली वागणूक इतकी दुर्मीळ का झाली आहे, यावर मी अलीकडे येणाऱ्या-जाणाऱ्याला भाषण देते. सून म्हणते, आई, पुरे.

तो आता साताऱ्याकडे आजीजवळ आहे, हे तुम्हाला ठाऊकच असेल. परवा आजीने त्याला फोन लावून दिला. मला म्हणाला, "त्या पाववाल्या ताईंना सांगा, पिल्लं झाली, चौदा." म्हणून हे पत्र, त्याचा निरोप पोचवायला. पिल्लं त्याने चमच्याने एकेक करून वेगळ्या भांड्यात काढली आहेत. मोठे मासे खातात म्हणे, स्वतःचीच. त्याला अजून एक बरणी हवी आहे, काचेची, रुंद तोंडाची. माझ्याकडे मुरंब्याची आहे. उद्या धुऊन पाठवते.