ताप उतरला तरी गोळ्या सोडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की पुण्यात चर्चा डेंगीची. कुंड्यांतले पाणी, सोसायट्यांना नोटिसा, प्लेटलेट. हे हवेच, पण त्यात हिवताप मागे पडतो. मी २२ वर्षे लॅबमध्ये रक्ताच्या काचा तपासते, म्हणून हे लिहिते आहे.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी वाघोलीच्या एका बांधकामावरचा तरुण मजूर आला. व्हायवॅक्स मलेरिया, म्हणजे हिवतापाचा एक प्रकार, निघाला. संक्रांतीच्या सुमारास तोच पुन्हा कुडकुडत दारात उभा. म्हणाला, "ताई, तीन दिवसांत ताप गेला, मग बाकीच्या गोळ्या नाही घेतल्या." पुन्हा डास चावला असेलही, पण मला शंका त्या अर्धवट गोळ्यांचीच आहे.

डास चावल्यावर हिवतापाचा एकपेशीय परजीवी आधी यकृताच्या पेशीत शिरतो, तिथे हजारोंनी वाढतो आणि मग रक्तात उतरतो. लाल पेशीत बसून तो हिमोग्लोबिन खातो. त्यातून सुटणारे हीम त्याला स्वतःलाच विषारी, म्हणून त्याचे तो तपकिरी स्फटिक करून ठेवतो. मायक्रोस्कोपखाली ते दिसतात, आणि इतक्या वर्षांनंतरही मी दोन क्षण तिथे थांबते. साधारण ४८ तासांनी पेशी फुटते, नवे परजीवी बाहेर पडतात आणि रुग्णाला हुडहुडी भरते.

पण व्हायवॅक्सचे काही परजीवी रक्तात येतच नाहीत. ते यकृताच्या पेशीतच झोपून राहतात, कित्येक आठवडे, कधी महिने. क्लोरोक्विन रक्तातले परजीवी मारते, या झोपलेल्यांना मात्र धक्काही लावत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन असते, नेहमीचा कोर्स १४ दिवसांचा. (जी-६-पीडी हे लाल पेशींतले एन्झाइम कमी असलेल्यांना ते घातक ठरू शकते, गरोदर स्त्रियांना देत नाहीत. त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.)

लोक निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन निश्चिंत होतात. त्याचा अर्थ इतकाच, की रक्तात परजीवी दिसला नाही. यकृतातला परजीवी माझ्या काचेवर येत नाही.

आपल्या पावसाळी आरोग्य सदरात हे १४ दिवस ठळक छापावेत ही विनंती. बांधकामांवरच्या मुकादमांपर्यंतही ते पोहोचावे. साइट बदलली की मजुराच्या गोळ्या मागेच राहतात. त्या मुलाच्या पाकिटावर दुसऱ्या वेळी मी चौदाही तारखा पेनने लिहून दिल्या.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, धनकवडी, पुणे