मेडोराहून आलेल्या शिंगरासाठी आभार

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात, मेडोरा गावाजवळच्या थिओडोर रूझवेल्ट राष्ट्रीय उद्यानातून बाहेर काढलेलं एक रानटी शिंगरू आम्ही दत्तक घेतलं. कळप वाढला की तिथले काही घोडे काढले जातात. 2013 साली ते हेलिकॉप्टरने हाकून गोळा केले आणि विशेक गावच्या बाजारात लिलावात विकले. त्यातलं कोण कुठे गेलं असेल, या विचारानेच पोटात गोळा येतो. म्हणून हे घरी आणायचंच होतं.

मिनेसोटाला परतताना जेम्सटाउनच्या पुढे ट्रेलरचं चाक फुटलं. अंधार, झोंबरा वारा आणि आत लाथा झाडणारं घाबरलेलं पोर. पिकअप थांबवून उतरलेल्या त्या जोडप्याचं नावही विचारायचं राहून गेलं. गृहस्थांनी चाक बदललं. बाई मात्र तेवढा वेळ ट्रेलरच्या फटीपाशी उभ्या राहून हळू आवाजात गुणगुणत होत्या. हळूहळू त्याचा एक कान त्यांच्याकडे वळला. तो वळलेला कान मी जन्मभर विसरणार नाही.

पहिल्या आठवड्यात जे कुणी फाटकाशी न सांगता गवताच्या पेंढ्या ठेवून गेलात, त्या तुमचेही मनापासून आभार. आणि मोहरकी (घोड्याच्या तोंडाला बांधायची दोरी) घालायची घाई करू नका, असं बजावणाऱ्या आजोबांचेही. काल त्याने माझ्या हातातल्या बादलीतून पाणी प्यायलं.