शेजारच्या खुर्चीत कोण होतं?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दोन प्रवासी विमानं हवेत एकमेकांच्या जवळ आल्याची बातमी आपण पहिल्या पानावर छापलीत. मथळ्यात 'थरार' होता आणि शेवटच्या ओळीत 'संबंधित नियंत्रकाला कामावरून दूर करण्यात आले आहे' एवढंच. मी जे शोधत होतो ते मधल्या मजकुरात कुठेच सापडलं नाही. रडारच्या पडद्यासमोर बसून नोकरी झाली, त्यामुळे ही खोड लागली आहे, म्हणून लिहितो.

आधी 'जवळ' म्हणजे किती, ते. लांबच्या मार्गावर रडारखाली असलेल्या दोन विमानांत साधारणपणे आडवं ५ सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर, नाहीतर उभं १००० फूट अंतर राखायचं असतं. विमानतळाजवळ आडवं अंतर ३ मैलांवर येतं. आडवं किंवा उभं, यांपैकी एक शाबूत असलं की पुरे. दोन्ही मोडली की सेपरेशन, म्हणजे ठरलेलं सुरक्षित अंतर, गेलं, आणि चौकशी लागली. पण साडेचार मैलांवरून एकमेकांपासून दूर जाणारी दोन विमानं आणि साडेचार मैलांवर समोरासमोर येणारी दोन विमानं कागदावर सारखीच दिसतात. पहिल्या जोडीत कुणाच्या कपातला चहासुद्धा हलत नाही. दुसऱ्या जोडीत, दोघांचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर हातात जेमतेम सतरा सेकंद असतात. आपल्या बातमीतली जोडी यांपैकी कुठली? आंतरराष्ट्रीय वर्गवारीत अशा घटनेला धोक्यानुसार ए ते डी यांपैकी एक अक्षर मिळतं. ए म्हणजे टकरीचा धोका खरोखर होता, सी म्हणजे नव्हता. ते अक्षर चौकशीनंतर ठरतं, त्यामुळे पहिल्या दिवशी ते छापता येणार नाही, मान्य. पण नंतर तरी कुणी छापतं का?

नियंत्रकाला हटवलं की वाचकाला वाटतं, प्रकरण मिटलं. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या उबरलिंगेन गावावर एक रशियन तुपोलेव आणि एक मालवाहू बोइंग ७५७ यांची टक्कर झाली. ७१ जण गेले, त्यात बहुतेक सहलीला निघालेली शाळकरी मुलं. झुरिकच्या केंद्रात तेव्हा एकच नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता. जोडीदार विश्रांतीला गेलेला. रात्रपाळीत तशी रीतच पडली होती आणि वरच्यांना ती ठाऊक होती. दुरुस्तीच्या कामामुळे पडद्यावरची धोक्याची सूचना बंद, मुख्य फोनही बंद. शेजारच्या जर्मन केंद्रातल्यांना दोन ठिपके जवळ येताना दिसत होते. ते फोन लावत राहिले, तो लागलाच नाही.

विमानात टीकॅस नावाचं यंत्र असतं. ते समोरच्या विमानाशी परस्पर बोलतं आणि वेळ आली की वैमानिकाला 'वर जा' किंवा 'खाली जा' सांगतं. (१२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानांच्या टकरीत ३४९ जण गेले, तेव्हा दोन्ही विमानांत ते नव्हतं, आणि दिल्लीच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती.) उबरलिंगेनला ते दोन्हींत होतं. तुपोलेवला यंत्र वर जा म्हणालं, नियंत्रक खाली ये म्हणाला. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. बोइंगनं यंत्राचं ऐकलं, तेही खालीच निघालं. २००४ मध्ये बायको-मुलं गमावलेल्या एका बापानं त्या नियंत्रकाचा खून केला. नियंत्रण करणाऱ्या कंपनीतल्या चौघांना न्यायालयानं दोषी ठरवलं ते २००७ मध्ये.

उबरलिंगेनच्या सतरा महिने आधी, ३१ जानेवारी २००१ ला, जपानच्या आकाशात हेच घडून गेलं होतं. शिकाऊ नियंत्रकानं एका विमानाचा नंबर घेऊन दुसऱ्यासाठीचा आदेश दिला, यंत्रानं त्याच्या उलट सांगितलं, दोन्ही विमानं खाली निघाली. एका वैमानिकानं हिसका देऊन आपलं विमान काढलं. शंभराच्या आसपास जखमी झाले, मेलं कुणी नाही. असा पेच पडला तर यंत्राचंच ऐकायचं, हे जगभर निःसंदिग्धपणे लिहिलं गेलं ते मात्र उबरलिंगेननंतर. जपानमध्ये खटला २०१० पर्यंत चालला, आणि दोघा नियंत्रकांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं कायम केली.

माझंही एक सांगतो. एकाच कंपनीची दोन विमानं माझ्याकडे होती, दोन-पाच-चार आणि दोन-चार-पाच. पहिल्याला खाली यायला सांगितलं. रीडबॅक, म्हणजे वैमानिकानं आदेश परत म्हणून दाखवणं, आला, उंची बरोबर, पण बोलला दुसराच. मी स्ट्रिपवर, म्हणजे त्या विमानाच्या नोंदीच्या पट्टीवर, नवी उंची लिहीत होतो. आकडा बरोबर ऐकला आणि कान तिथेच थांबले. शेजारच्या खुर्चीतल्या सहकाऱ्यानं माझा पेनाचा हात धरला, "अरे, दुसऱ्यानं उचललं." सात मैल शिल्लक होते. नियम मोडला नाही, घंटा वाजली नाही, आणि मी अहवाल लिहिला नाही. लिहिणाऱ्याला आमच्याकडे आठवडाभर बोर्डावरून, म्हणजे पडद्यासमोरच्या कामावरून, उतरवायचे, आणि चहाच्या वेळी लोक कसे बघायचे ते वेगळंच. ते दोन नंबर पुढे वर्षभर त्याच वेळेला माझ्या पडद्यावर येत राहिले. एक चिठ्ठी लिहिली असती तर कदाचित एकाचा नंबर बदलला असता.

अमेरिकेत अशी चिठ्ठी विमान वाहतुकीच्या प्राधिकरणाऐवजी नासाकडे पाठवायची सोय १९७६ पासून आहे. नाव काढून टाकतात, मजकूर ठेवतात. दारू पिऊन पडद्यासमोर बसणाऱ्याला घरी पाठवाच, त्याबद्दल वाद नाही. पण ऐकण्यात चुकलेल्याला घरी पाठवलं, की बाकीचे गप्प बसायला शिकतात. मीही तसाच शिकलो होतो.

तेव्हा आपल्या वार्ताहराला एकदा परत पाठवा. त्या वेळी त्या माणसाकडे किती विमानं होती, पाळीचा कितवा तास चालू होता, विमानांचे नंबर सारखे होते का, टीकॅस बोललं का आणि वैमानिकांनी त्याचं ऐकलं का, शेजारच्या खुर्चीत कुणी होतं का, हे विचारायला सांगा. आणि त्याला दूर केल्यावर त्याच्या जागी नवा माणूस आला, की उरलेल्यांच्याच पाळ्या लांबवल्या, तेही.

आपला,
एक निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक