सह्याद्री म्हणजे पठाराची झिजती कड

महोदय,

पावसाळा आला की दरडींच्या बातम्यांत ‘निसर्ग कोपला’ हे शब्द हमखास येतात. डोंगर मुळात स्थिर असतो आणि अपघातानेच ढळतो, ही समजूत त्यातून पक्की होते. सह्याद्रीबाबत तरी ती चुकीची आहे.

भूखंडांच्या टकरीत घड्या पडून हिमालय उंचावला. सह्याद्रीची घडण निराळी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले, पुढे सेशेल्सचा (आज हिंदी महासागरात असलेल्या बेटांचा) भूभाग भारतापासून विलग झाला आणि त्या फुटीने उघडी पडलेली पठाराची पश्चिम कड म्हणजे सह्याद्री. पठारावर जवळपास आडवे असलेले थर पनवेलच्या परिसरात समुद्राकडे कललेले आढळतात, त्याचा संबंध याच घडामोडीशी लावला जातो. नंतरचे बरेचसे काम पाण्याचे. पश्चिमेकडे वेगाने उतरणाऱ्या ओढ्यांनी कडा पोखरत पूर्वेला सरकवला. आज खंडाळ्याचा घाट मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे ६० किलोमीटर आत आहे. मुख्य रांगेपासून सुटलेले, माथ्यावर जांभा मिरवणारे माथेरान या माघारीतच मागे उरले. तिथे थंड हवेसाठी जाणारे आपण मुंबईकर कड्यांतले थर क्वचितच न्याहाळतो. शिवाय झिजेने भार हलका झाला की भूकवच किंचित वर उचलले जाते, त्यामुळे इतकी झीज होऊनही कडा उंच राहतो.

माळीण (२०१४), तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) येथील दुर्घटना या झिजेपासून वेगळ्या काढता येत नाहीत. संततधारेत उतारावरची माती व मुरूम पाणी पिऊन जड होतात, कणांमधील पाण्याचा दाब वाढून त्यांची पकड सुटते आणि सगळा थर खाली घसरतो. हे माणसाविनाही घडते. पण रस्त्यासाठी किंवा घरासाठी पायथा कापला की उताराचा आधारच जातो. घाटकोपर-विक्रोळीच्या टेकड्यांनाही हा नियम लागू आहे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे तयार केले आहेत. उतारावरील बांधकामास परवानगी देण्यापूर्वी ते तपासणे शासनाने बंधनकारक करावे आणि आपल्या वृत्तपत्राने पावसाळ्याच्या तोंडावर, दुर्घटनेची वाट न पाहता, ते जिल्हावार छापावेत, ही विनंती.

— एक वाचक, अंधेरी, मुंबई