रुग्णवाहिकेच्या निविदेत सस्पेन्शनची अट लिहा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

धडगाव, भामरागड, धारणीच्या कच्च्या रस्त्यांवर धावणाऱ्या रुग्णवाहिकांसाठी पुढच्या खरेदीत सस्पेन्शनची (चाके आणि बॉडी यांच्यामधल्या, धक्के झेलणाऱ्या यंत्रणेची) अट नेमक्या शब्दांत लिहावी, ही वाहन अभियंते म्हणून आमची विनंती.

रुग्णवाहिका मालवाहू चॅसिसवर (गाडीच्या सांगाड्यावर) बांधली की अडचण येते. त्या चॅसिसचे मागचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, पूर्ण मालाचा भार धरून बनवलेले असतात. रुग्णवाहिकेत तेवढा भार नसल्याने गाडी मागून ताठ राहते, आणि स्ट्रेचर नेमके तिथेच असते. बसलेल्या माणसाला उभे हादरे ४ ते ८ हर्ट्झच्या (सेकंदाला ४ ते ८ वेळा) दरम्यान सर्वाधिक जाचतात. अशा हादऱ्यांत परिचारिकेने सलाईनची सुई लावायची कशी?

पूर्ण सक्रिय सस्पेन्शन, म्हणजे पंपाच्या जोरावर बॉडी उचलणारे-दाबणारे, मात्र मागू नका. हायड्रॉलिक पंपाला काही किलोवॅट शक्ती लागते आणि तालुक्याच्या गॅरेजात तो दुरुस्त होत नाही. अर्धसक्रिय पुरेसे आहे. त्यात शॉकअपमधला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह तेलाची वाट क्षणात अरुंद किंवा रुंद करतो; अरुंद केली की शॉकअप कडक होतो, रुंद केली की मऊ. बॉडीवर तीन प्रवेगमापक, प्रत्येक चाकाशी एक उंचीमापक. बॉडी वर जात असताना शॉकअप ताणला जात असेल तर तो कडक करायचा, दाबला जात असेल तर मऊ. बॉडी खाली येताना याच्या उलट. शॉकअप दाबला जाऊन बंप स्टॉपजवळ (शेवटच्या रबरी अडसराजवळ) आला की मात्र आधीच कडक करायला हवा, नाहीतर खडी सुखाने पार होते आणि खड्ड्यात दणका बसतो.

सगळ्यात महत्त्वाचे: आधी पाटे बदला. एकावर एक रचलेले पाटे आपसांतल्या घर्षणाने लहान धक्क्यांना हलतच नाहीत, मग महागडा शॉकअप नियंत्रण कशावर ठेवणार? पॅराबोलिक पाटे (मोजक्याच, एकमेकांवर कमी घासणाऱ्या पट्ट्यांचे) किंवा एअर सस्पेन्शन (पाट्यांऐवजी हवेच्या पिशव्या) सक्तीचे करा.

बिघाड बहुधा बाहेरच होतात. उंचीमापकाची लिंक (त्याला चाकाच्या बाजूशी जोडणारी दांडी) दगडाने वाकते, कनेक्टरमध्ये पाणी शिरते. म्हणून लिंकला पत्र्याचे कवच, जलरोधक कनेक्टर आणि तालुका पातळीवर सुटे भाग हवेत. वीज तुटली तर व्हॉल्व्ह मध्यम-कडक स्थितीतच थांबला पाहिजे. तो मऊ राहिला तर घाटातल्या वळणावर गाडी डोलते, आणि हे धोक्याचे आहे.

चाचणी पुण्याच्या एआरएआयकडून (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, वाहनांची चाचणी करणारी संस्था) करून घ्या. मोजमाप चालकाच्या आसनावर न घेता स्ट्रेचरवर घ्यावे. एकदा पूर्ण भाराने, एकदा फक्त चालक, परिचारिका आणि रुग्ण एवढ्याच वजनाने. खराब रस्त्यावर तासभर चालवून तेल तापल्यावर तेच मोजमाप पुन्हा घ्यावे, कारण गरम तेल पातळ होऊन शॉकअप ढिला पडतो. तेल तापण्याआधीचे आणि नंतरचे, दोन्ही वेळचे आकडे निविदेसोबत मागवावेत.

आपले,
वाहन सस्पेन्शन क्षेत्रातील काही अभियंते